कामिनाची काच

नवगावास आमचे आजोळ. मे महिन्याच्या सुटीत भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायचे आणि तेथून एस.टी.ने गावी जायचे, हा आम्हा भावंडांचा दरवर्षीचा नेम. विजेचे खांब त्यावेळी आमच्या आळीपर्यंत पोहोचलेले नव्हते. दिवेलागणीपूर्वी कंदिलांच्या काचा पुसण्याचे काम माझ्याकडे असे, कारण माझा हात लहान, काचेत सहज जाई. चुलीतली चाळलेली राख, एक ओले फडके आणि एक कोरडे, एवढेच साहित्य. एकदा लागोपाठ तीन दिवस एकाच कंदिलाची काच काळीकुट्ट झाली तेव्हा मी कुरकुर केली. आजी म्हणाली, "अगो पोरी, काच रोज काळी होते म्हणजे वात चुकली आहे. आधी वात कातर, मग काच पूस."

आजीचे हे बोलणे मी पन्नासएक वर्षे विसरून गेले होते. जानेवारी २०२३ मधल्या एका शब्बाथच्या रात्री ते मला आठवले, आणि तेही उशिराच. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी हल्ली मोशावात किंवा डोंगरातल्या गावांत घरे घेतली आहेत. अशा घरांतून कामीन असतो. म्हणून त्या रात्रीची हकीकत जशी घडली तशी लिहिते. त्यात माझी फजिती आहे, पण ती लपवून काही उपयोग नाही.

प्रथम माझ्याविषयी थोडे. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकून १९७८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आईवडिलांबरोबर मी या देशात आले. उल्पानमध्ये हिब्रू शिकले, मग परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि २०२२ साली निवृत्त होईपर्यंत ४० वर्षे नोकरी केली. त्यातला बराच काळ मियूनमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात गेला. थंडीच्या दिवसांत मियूनमध्ये एक प्रकारचे रोगी हमखास येत. कोणी मंगालमधले निखारे ऊब यावी म्हणून झोपण्याच्या खोलीत नेलेले असत, तर कोणी रॉकेलची शेगडी दारेखिडक्या बंद करून रात्रभर जळत ठेवलेली असे. डिसेंबर २०१३ च्या मोठ्या हिमवादळात यरुशलेम भागात हजारो घरांची वीज गेली, तेव्हा लोकांनी ऊब मिळवण्यासाठी काय काय पेटवले असेल ते सांगायला नको. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, हीच सर्वांची तक्रार. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि मग प्राणवायूला बसायला जागाच राहत नाही. किती कुटुंबांना मी बजावून सांगितले असेल, "बाबांनो, खिडकी दोन बोटे तरी उघडी ठेवा." शिकाऊ मुलींनाही हे मी शिकवीत असे. एवढी जाणकार बाई मी!

२०२१ साली मुलाने यरुशलेमच्या डोंगरातल्या एका मोशावात जुने घर घेतले. बैठकीच्या खोलीत भिंतीत बसवलेला लोखंडी कामीन, त्याला काचेचे दार, वर छपरातून बाहेर गेलेले धुरांडे, ज्याला येथे अरुबा म्हणतात. घर विकणाऱ्याने सांगितले, उत्तम चालतो. मुलाने विश्वास ठेवला, आणि मीही. माझ्या मनात असे बसले होते की धोका असतो तो उघड्या निखाऱ्यांचा. येथे तर धूर बाहेर जायला धुरांडे आहे, मग भीती कशाची?

पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्याने ऑलिव्हची छाटलेली, चांगली वाळलेली लाकडे दिली. काही त्रास झाला नाही. दुसऱ्या वर्षी हनुक्काच्या सुमारास कोणाच्या तरी अंगणातला पाइनचा मोठा वृक्ष पाडला, आणि मुलगा गाडीचा ट्रेलर भरून ओंडके घेऊन आला. फुकट मिळालेले सरपण. कोणाला आनंद होणार नाही? ते तीन आठवड्यांत जाळायला घेतले.

त्या दिवसांत मी दर शुक्रवारी दुपारी मुलाकडे जात असे. सून स्वयंपाकात, मी हाताखाली. कामिनाची काच काळी झालेली असे, इतकी की आतली ज्योत दिसत नसे. शब्बाथ येतो आहे, घर लखलखीत हवे, म्हणून मी वर्तमानपत्राचा बोळा ओला करून राखेत बुडवायची आणि काच घासून आरशासारखी करून ठेवायची. सून कौतुक करी. मलाही वाटे, नवगावचा हात अजून गेलेला नाही. लागोपाठ तीन शुक्रवार मी ती काच पुसली. ती काळी का होते, हे विचारले नाही.

मुलगा शब्बाथ पाळतो. शुक्रवारी सूर्य मावळल्यावर कामिनात लाकूड घालता येत नाही, हवेची कळ फिरवता येत नाही. मग रात्रभर ऊब पुरवायची कशी? त्याने मेणबत्त्या लावण्यापूर्वी कामीन ओंडक्यांनी गच्च भरला आणि खालची हवेची कळ जवळजवळ बंद केली. आग धुमसत राहील, सकाळपर्यंत टिकेल. अनेक घरांतून असेच करतात आणि करणाऱ्याला ती हुशारी वाटते. न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखाही शब्बाथभर चालू राहणार होता, कारण तोही नंतर बंद करता येत नाही.

किद्दूश झाले, जेवणे झाली. धुराचा किंचित वास होता, पण कामीन पेटला की तो यायचाच असे आम्ही धरून चाललो. मला पाहुणी म्हणून मामादमध्ये बिछाना दिला होता. मामादचे दार जड, बंद केले की बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही. त्या दाराचे उपकार मी आजही मानते.

रात्री अडीचच्या सुमारास मला तहान लागली म्हणून दार उघडून बाहेर आले, तर सहा वर्षांचा नातू सोफ्यावर बसून रडत होता. त्याला उलटी झाली होती. "आजी, डोके दुखते." कपाळाला हात लावला, ताप नाही. मनात म्हटले, शाळेतून पोटाचा विकार घेऊन आला असेल. कोरोनापासून प्राणवायू मोजायचे ते बोटाला लावण्याचे चिमटे घरोघरी आहेत. तो आणून लावला. ९८. मी निश्चिंत झाले आणि त्याला घोटभर पाणी पाजू लागले.

तेवढ्यात सून भिंतीला धरून आली. "माझेही डोके फुटते आहे," म्हणाली, आणि खालीच बसली. मी मुलाला हाक मारली. एक, दोन, तीन हाका. तो ओ देईना.

एका घरात तिघे, तिघांचेही डोके, ताप एकालाही नाही. जे मी ४० वर्षे दुसऱ्यांना सांगत आले ते माझ्यासमोर बसले होते आणि मी पाणी पाजीत होते! आणि तो चिमटा? तो प्राणवायू चिकटलेले हिमोग्लोबिन आणि हा विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही, दोन्ही त्याला सारखीच लाल दिसतात. म्हणून विषबाधेतही तो ९८ दाखवतो. हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेले आहे.

खिडक्या सताड उघडल्या. नातवाला गोधडीत गुंडाळून अंगणात नेले, सुनेला हाताला धरून बाहेर काढले. मुलाला पाणी मारून, चापट मारून उठवले. त्याच्या पायांत बळ नव्हते, माझ्या खांद्यावर भार टाकून कसाबसा उंबऱ्याबाहेर आला. मग फोन. १०१ मागेन दाविद अदोमला, १०२ अग्निशमन दलाला. शब्बाथ आहे म्हणून कोणी क्षणभरही थांबू नये. पिकुआह नेफेश, जीव वाचवणे, हे शब्बाथच्या वर आहे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीच शिकवलेले आहे.

अग्निशमनचा तरुण हातात मापकयंत्र घेऊन आला, आणि दारातच ते किंचाळू लागले. इस्पितळात रक्त तपासले तेव्हा सुनेच्या हिमोग्लोबिनपैकी २२ टक्के आणि नातवाच्या १९ टक्के त्या वायूने अडवलेले निघाले. माझे ५ टक्के. मामादचा प्रताप. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला की साधारण तासा-दीड तासात तेवढे काम होते. नातवाने मास्क लावून घ्यायला फार खळखळ केली. सकाळपर्यंत तिघांचीही डोकी उतरली. पुढे काही आठवडे विसरणे, चिडचिड, चालण्यात फरक असे काही दिसते का याकडे लक्ष ठेवायचे असते, कारण हा विकार कधीकधी मागाहून डोके वर काढतो. तेही लक्ष ठेवले. देवाच्या दयेने तिघे सुखरूप आहेत.

सोमवारी धुरांडे साफ करणारा माणूस आला. रशियाकडचा, साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. त्याने जमिनीवर चादर अंथरली, कामिनाचे तोंड प्लॅस्टिकने बांधले, आणि छपरावर चढून लांब काठ्यांना जोडलेला गोल कुंचा वरून आत घातला. प्रथम काय निघाले असेल? पक्ष्याचे घरटे! वरच्या टोपीची जाळी एका बाजूने फाटलेली होती, तेथून साळुंकी आत गेली होती. ही साळुंकी मूळची या देशातली नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवच्या बाजूने सुटून देशभर पसरलेली आपल्याकडचीच ती साळुंकी. मला हसावे की रडावे कळेना.

घरट्याखाली खरा अपराधी होता. त्याने मला टॉर्चने दाखवले. लोखंडी नळीच्या आतून काळा, चकचकीत, डांबरासारखा थर. याला क्रिओसोट म्हणतात. कढत आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवले की त्याला आतून पाणी सुटते, तसेच हे आहे. धुरात पाण्याची वाफ असते आणि न जळलेले डांबरी वायू असतात. आग ढणढणीत असेल तर ते बहुतेक जळून जातात आणि उरलेले गरम नळीतून वर निघून जातात. आग धुमसती असेल तर धूर जड, नळी थंड, आणि सगळे नळीच्या आतल्या बाजूस चिकटते. आधी भुसभुशीत काजळी, मग पापुद्रे, मग हा चकचकीत थर. शेवटचा प्रकार साध्या कुंच्याने निघत नाही. आमच्याकडे त्याने साखळ्या लावलेले यंत्र आत फिरवून तो काढला, आणि बादलीभर काढला.

"तुमच्यावर दोन संकटे होती," तो म्हणाला. "पहिले आले, दुसरे टळले." दुसरे म्हणजे धुरांड्याला आतून आग लागणे. हा थर पेटला तर नळीतली उष्णता हजार अंशांवर जाते. आगगाडी धडधडत जावी तसा आवाज येतो, वरून ज्वाळा निघतात, नळी वाकते किंवा विटांच्या धुरांड्याला तडा जातो आणि आग छपराच्या लाकडात शिरते. असा आवाज आला तर कामिनाचे दार आणि हवेची कळ बंद करावी, तीही सहज करता आली तर. मग सर्वांना बाहेर काढून १०२ ला फोन करावा. तापलेल्या धुरांड्यात पाणी ओतू नये, वाफेने ते फुटते.

मी पाइनला शिव्या देत होते, राळेचे झाड म्हणून. त्याने मान हलवली. त्याच्या गावाकडे हिवाळाभर पाइनच जाळतात. दोष झाडाचा नाही, पाण्याचा. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या आत हवे. ओंडका तसाच ठेवला तर वर्षभरातही वाळत नाही, तो फोडून, चिरफळ्या करून, खाली हवा खेळेल असा रचावा लागतो. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्या. आपल्या या देशातला कोरडा उन्हाळा पाइनला पुरतो. ऑलिव्ह आणि ओक यांना दोन उन्हाळे द्यावे.

हे ऐकताना मला आजीची आगोट आठवली. पावसाळा तोंडावर आला की मीठ-मिरचीबरोबर सरपणाचीही बेगमी होई. फोडलेली लाकडे, गोवऱ्या, नारळाची सोडणे, झावळ्या, सारे पडवीत आणि माळ्यावर रचून ठेवायचे. आजी दोन लाकडे एकमेकांवर आपटून बघे. खणखणीत वाजले तर चुलीकडे, बद्द वाजले तर परत उन्हात. धुरांड्यावाल्यानेही मला हीच परीक्षा सांगितली! हल्ली पाणी मोजण्याचे छोटे यंत्रही मिळते. ते लाकूड नव्याने फोडून आतल्या बाजूला टोचावे, साल असलेल्या बाजूला नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या आज्यांच्या चुलींना कुठे धुरांडे होते? नव्हते. धूर कौलांच्या फटींतून जाई, आणि त्या फटींनीच या वायूपासून आपल्याला वाचवले. पण आजीचा खोकला मला आठवतो, फुंकणीने फुंकताना गळणारे डोळे आठवतात. जन्मभर धुरात स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या छातीचे काय होते ते मी पुढे नोकरीत पाहिले. म्हणून जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. मात्र आपण घरे हवाबंद केली, दुहेरी काचा बसवल्या, आणि कामिनाला श्वास कोठून मिळणार याचा विचार केला नाही. न्हाणीघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता. ती भरून निघायला जागा नव्हती, म्हणून हवा अरुबामधूनच खाली ओढली गेली, आणि येताना तो वायू घेऊन आली. कामीन पेटलेला असताना असे पंखे बंद हवेत आणि एखादी खिडकी बोटभर उघडी हवी.

आमच्या धुरांड्याची उंचीही कमी निघाली. छपरातून जेथे बाहेर येते तेथून ते निदान ९० सेंटिमीटर वर हवे, आणि ३ मीटरच्या आत जे काही उंच असेल, छपराचा कणा म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, त्याहून ६० सेंटिमीटर उंच हवे. नाहीतर वारा धूर उलटा दाबतो. नळीचा एक तुकडा वाढवला, टोपीला नवी जाळी बसवली.

साफसफाई वर्षातून एकदा, तपासणीसह. आतला थर ३ मिलिमीटर झाला तर मध्येच. आम्ही सुक्कोथ संपल्यानंतरचा आठवडा धरला आहे. सुक्का उतरवली की धुरांड्यावाल्याला फोन, म्हणजे विसरायला होत नाही. स्वतः काजळी काढणार असाल तर हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की लहानपणी धुरांड्यांत चढवल्या गेलेल्या मुलांना पुढे होणारा कर्करोग हा काजळीने होतो. कामधंद्यामुळे होणारा कर्करोग असा पहिल्यांदा ओळखला गेला. तरी इंग्लंडात पोरांना धुरांड्यात चढवणे पुरते बंद व्हायला १८७५ चा कायदा यावा लागला. शंभर वर्षे! असो, विषय निघाला म्हणून सांगितले.

राखेविषयी मात्र सांगायलाच हवे. राख थंड दिसते, पण आत निखारा दोन-दोन, चार-चार दिवस जिवंत असतो. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घराबाहेर, फरशीवर किंवा मातीवर ठेवावी. आणि रंगवलेली लाकडे, फळांच्या पेट्या, प्लायवूड, दुधाचे खोके यांतले काहीही कामिनात घालू नये.

आता वायूची सूचना देणारे यंत्र. मुलाच्या घरात धुराचे यंत्र होते, पण ते या वायूला वाजत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वेगळे घ्यावे लागते. झोपण्याच्या खोल्यांजवळ एक आणि मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर एक. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे, आणि त्यावर लिहिलेली मुदत संपली की नवे आणावे. त्याची किंमत ऐकून मुलगा म्हणाला, "आई, एवढ्याशा डब्याला एवढे पैसे?" सुनेने त्याच्याकडे नुसते पाहिले. दोन आणले.

शब्बाथचा प्रश्न राहिला. आम्ही असे ठरवले. शुक्रवारी दुपारी वाळलेल्या लाकडांची लहानशी पण ढणढणीत आग, हवेची कळ पूर्ण उघडी. भिंती तापून घेतात. मेणबत्त्यांच्या वेळेनंतर ती आपोआप उतरत जाते आणि झोपेपर्यंत राखेपलीकडे काही उरत नाही. रात्रीसाठी घड्याळ लावलेले एअरकंडिशनर, आणि माझ्या आईने लुगड्यांच्या शिवलेल्या दोन गोधड्या, ज्या १९७८ पासून कपाटात पडून होत्या. न्हाणीघरातला पंखा शुक्रवारी बंद करूनच ठेवतो. काच आता क्वचितच काळी होते. झालीच तर नातू मला फडके आणू देत नाही. आधी बापाला बोलावतो आणि लाकूड कोठून आणले ते विचारतो.

उरलेला पाइन फोडून अंगणाच्या कडेला पत्र्याखाली रचला होता. २०२३ चा उन्हाळा त्याने खाल्ला आणि पुढच्या हिवाळ्यात तो छान जळला. साळुंक्यांनी आता एअरकंडिशनरच्या मागची जागा धरली आहे. पहाटे फार कलकलाट करतात, पण त्यांना अजून कोणी हुसकावलेले नाही.